खांब कुणाच्या बांधावर

आमच्या गावात पंचायतीबद्दल मत नसलेला माणूस शोधायचा झाला तर पाळण्यातच शोधावा लागेल. बाकी सगळ्यांना मत आहे, आणि ते संध्याकाळी डेअरीवर बाहेर पडतं. किटली रांगेत ठेवली की तोंड मोकळं. नळाला पाणी करंगळीएवढं का येतं, गटार कुणाच्या दारातून वळवलं, घंटागाडी वरच्या आळीत थांबते आणि खालच्या आळीत नुसती वाजून पुढं का जाते. दुधाला फॅट कमी लागली तरी शिव्या पंचायतीलाच. पंचायतीचा आणि फॅटचा काय संबंध असं एकदा मी विचारलं, तर एक आजोबा म्हणाले, "काय तरी आसंलच."

हीच माणसं ग्रामसभेला मात्र मुकी होतात. खुर्चीवर बसतात, रजिस्टरात सही करतात, मान डोलावतात. कुणी विचारलंच तर "तुमी म्हणाल तसं" म्हणून मोकळी. मग संध्याकाळी डेअरीवर, "आपल्याला कोन इचारतंय राव?"

मला ते जमत नाही. माझं माहेर तळेघरकडचं. तिकडं एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या माणसाला हाक मारून नाचणी काढून झाली का विचारायची रीत, त्यामुळं आमच्या घराण्यात हळू आवाज कुणालाच नाही. लग्न होऊन या शिवेवरच्या गावात आले, तेव्हा सासूबाईंना वाटलं, सून भांडतेय. मी चहात साखर किती घालू ते विचारत होते.

शिवेवरचं म्हणजे अगदी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवरचं. सरकारी कागद आणायला आम्ही जुन्नरला जातो, ऊस जातो आंबेगावातल्या पारगावच्या कारखान्याला. गाव एका टेकाडापाशी आणि आमचा मळा तिथून लांब, पार कालव्याच्या अंगाला. एसटी फाट्यावर थांबते. फाट्यापासून मळ्यापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसातून येतो, आणि उसात बिबट्या असतो. आमच्याकडं त्याचं कौतुक कुणाला राहिलेलं नाही. ऊस तुटला की तो शेजारच्या उसात राहायला जातो, भाडेकरूसारखा. पण म्हणून भीती जात नाही. दिवस मावळला की त्या रस्त्यानं कुणी चालत येत नाही. येतं ते पळत येतं, नाहीतर मोबाइलवर मोठ्यानं भजन लावून येतं.

त्या रस्त्यानं रोज येणारी एक मुलगी होती. आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या भावजींची लेक. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. मुलगी जुन्नरला कॉलेजात सायन्सला जाते, प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळच्या गाडीनं येते. पावसाळा सरला की गाडी फाट्यावर येईपर्यंत अंधार होतो. बापानं आणायला जावं, तर नेमकी तीच धारांची वेळ. गाई थांबत नाहीत आणि एसटीही थांबत नाही. भावजी कधी अर्धी धार टाकून बॅटरी आणि काठी घेऊन पळायचे, कधी नाही जमायचं.

एके दिवशी घास कापताना ती मला बांधावरून म्हणाली, "काकू, आप्पा म्हनत्यात, यंदा दिवाळीपातुर जा. ऊस डोक्याच्या वर गेला की बंद. मग घरी बसून बाहेरनं परीक्षा दे म्हनत्यात."

"आन् तू काय म्हनलीस?"

"मी काय म्हननार? प्रॅक्टिकल घरात गाईबरूबर करू का?"

ती हसली, पण विळा जरा जोरात चालवला. मला माझी दहावी आठवली. आमच्याकडं पुढची शाळा लांब होती, गाड्या नव्हत्या, आणि सगळी चाल अंधारातली. माझं शिक्षण कुणी थांबवलं नाही, ते त्या वाटेवर आपोआप थांबलं. मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तो मी पंचायतीवर धरला. तशी आमच्याकडं रीतच आहे.

त्या वर्षी गावाला नवीन ग्रामसेविका मिळाल्या होत्या. आता त्यांच्या पदाचं नाव बदललंय म्हणतात, पण आम्ही मॅडम म्हणतो. तरुण, लातूरकडच्या, हसऱ्या. एक मेच्या ग्रामसभेआधी त्यांनी ठरवलं की गावात आधी कुठलं काम करायचं ते गावानंच सांगायचं. तोंडानं कुणी बोलत नाही हे त्यांना कळलं होतं. म्हणून त्यांनी देवळापुढच्या मंडपात पाच घमेली मांडली आणि प्रत्येकावर एक चित्र चिकटवलं. रस्त्याचा दिवा, गटार, व्यायामशाळा, स्मशानभूमीचं शेड आणि गावाच्या वेशीवरची कमान. आणि प्रत्येकाच्या हातात मूठमूठ भुईमुगाच्या शेंगा दिल्या. तुम्हाला जे सगळ्यात गरजेचं वाटतं त्यात जास्त शेंगा टाका, जे नको त्यात टाकू नका. इतकं सोपं.

चूक एकच झाली. शेंगा वाटल्यावर सरपंचबाई बोलायला उभ्या राहिल्या. आमच्या सरपंचबाई चांगल्या आहेत, नवऱ्याला खुर्चीवर बसू देत नाहीत, पण माइक हातात आला की सोडत नाहीत. त्यांनी मागच्या सगळ्या कामांचा आढावा घेतला. मंडपभर बारीक कटकट आवाज सुरू झाला. मॅडमना वाटलं लोक कुजबुजतायत. भाषण संपलं तेव्हा निम्म्या गावानं मतं खाल्लेली होती. घमेल्यांत शेंगांपेक्षा टरफलं जास्त पडली, कारण कचरा जमिनीवर टाकू नका असं सरपंचबाईंनी भाषणात सांगितलं होतं.

मॅडम घमेल्यांतली टरफलं निवडायला लागल्या. डेअरीवरचे तेच आजोबा समजुतीनं म्हणाले, "मॅडम, भाजल्याली शेंग द्यायची न्हाई मानसाच्या हातात. कच्ची दिली आसती तर निम्मी मतं वाचली आसती."

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मला त्या तिथंच आवडल्या. मग सरपंचबाईंच्या घरून पाटीभर चिंचोके आले. चिंच फोडायचे दिवस, प्रत्येकाच्या ओसरीत चिंचोक्यांचा ढीग. पुन्हा वाटप झालं. चिंचोका भाजल्याशिवाय खाता येत नाही, त्यामुळं लोकशाही वाचली.

कमानीचं घमेलं भरायला लागलं ते बघून मला राहवेना. त्याचं कारण शेजारच्या गावात होतं. त्यांनी वेशीवर कमान बांधली होती आणि वर दोन हत्ती बसवले होते. तेव्हापासून आमच्या गावातल्या पुरुषांना झोप नव्हती. आपल्याला तीन हत्ती पाहिजेत, इथपर्यंत बोलणी गेली होती. मी उठून उभी राहिले. माइक घेतला नाही, मला लागत नाही.

"कमान बांधा, माझं काय न्हाई. पन कमानीतनं पावनं आत आल्यावर त्यास्नी काय दाखवायचं? अंधार? फाट्यापासनं मळ्यापातुर आमच्या पोरी कशा येत्यात ते एकदा येऊन बघा. तुमचं हत्ती येनार हायेत का त्यास्नी सोडवायला?"

बायका हसल्या आणि उठल्या. एकामागं एक दिव्याच्या घमेल्याशी. म्हाताऱ्या स्मशानाच्या शेडकडं निघाल्या होत्या, त्यातली एक थबकली, म्हणाली, "आमाला काय, मेल्यावर भिजलो तरी सर्दी हुनार न्हाई," आणि तिचे चिंचोके दिव्यात पडले. भावजी मात्र कमानीत टाकून गेले. मी बघितलं. त्यांनीही बघितलं की मी बघितलं. भावकीतल्या मोठ्यांनी कमान म्हटली की भावजी कमान. स्वतःच्या लेकीचा रस्ता असून! मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

दिवा जिंकला. संध्याकाळी डेअरीवर सगळे म्हणत होते की आम्हाला पहिल्यापासून दिवाच पाहिजे होता.

खरी गंमत पुढं आली. पावसाळा लागला तेव्हा पंचायतीचा वायरमन खांबांच्या जागा बघायला आला. दिवा सगळ्यांना पाहिजे, खांब कुणालाच नको. आमच्याकडं बांध ही मोठी नाजूक चीज. भाऊ भावाशी बोलायचा थांबतो तो बांधावरूनच. एक म्हणाला, इथं माझा ट्रॅक्टर वळतो. दुसरा म्हणाला, इथं माझं पाइप जातंय. तिसऱ्यानं सांगितलं की त्याच्या आजोबांनी मरताना सांगितलंय, बांधावर काही रोवू देऊ नको. सरकत सरकत शेवटचा खांब आला वळणावर. ते वळण सगळ्यात वाईट, तिथं ऊस रस्त्यावर झुकतो. एका बाजूला भावजींचा बांध, एका बाजूला माझा. भावजी खाली बघत उभे. पायानं ढेकूळ फोडत राहिले.

"रोवा माझ्या बांधावर," मी म्हणाले. रागात म्हणाले, खोटं कशाला सांगू. त्यांना लाज वाटावी म्हणून म्हणाले. वायरमननं लगेच चुना टाकला.

आता त्या बांधाच्या आत काय होतं ते सांगायला हवं. त्या वर्षी मी हट्टानं उसाऐवजी शेवंती लावली होती. नवरा म्हणत होता ऊस बरा, ऊस कुणाशी वाद घालत नाही. पण मला फुलं पाहिजे होती. पिवळी शेवंती, दसऱ्याला बरोबर तोडणीला येईल अशी. घरातला हा पहिला तुकडा माझ्या मतानं पेरलेला. नवऱ्यानं चुन्याकडं बघितलं, शेवंतीकडं बघितलं. दोघांनाही तेव्हा काही कळलं नव्हतं.

पंधरा ऑगस्टला संध्याकाळी दिवे लागले. मला तो दिवस आठवला की अजून बरं वाटतं. मळ्यातली सगळी माणसं काहीच काम नसताना रस्त्यावर आली. बायका दिव्याखाली उभ्या राहून एकमेकींचे चेहरे बघत होत्या, जशा काही आत्ताच ओळख झाली. लहान पोरं सावलीवर सावली पाडून नाचत होती. कुणीतरी खांबाला हळदकुंकू लावलं. एसटी आली, आणि कॉलेजातला झेंड्याचा कार्यक्रम आटपून भावजींची लेक फाट्यावरून चालत आली. भावजी गोठ्यात होते. धार पूर्ण झाली.

भाद्रपदात शेवंतीला कळ्या आल्या. रोज सकाळी जाऊन मी कळ्या मोजल्यासारखं करायची आणि मोजता येत नाहीत म्हणून खूश व्हायची. मग लक्षात आलं की रस्त्याकडच्या सरींना कळ्याच नाहीत. नुसता पाला. हिरवागार, कमरेएवढा, मस्तवाल. आधी मी खताला शिव्या दिल्या. मग रोपवाल्याला. मग नवऱ्याला, कारण तो जवळ होता. पितृपक्षात एका संध्याकाळी दिवा लागल्यावर मी बांधावर उभी होते आणि सहज खाली बघितलं. जिथपर्यंत दिव्याचा उजेड पडत होता, बरोबर तिथपर्यंत पाला. उजेड संपला तिथून कळ्या. कुणी विळ्यानं आखून द्यावं तसं.

मला एकदम आठवलं. जुन्नरकडचे पॉलिहाउसवाले शेवंतीवर मुद्दाम रात्री बल्ब लावतात, फूल लांबवायचं असलं की. शेवंतीला अंधार लागतो. रात्र मोठी झाली की तिला कळतं, आता फुलायचं. आणि माझ्या शेवंतीला वाटत होतं की दिवस संपतच नाहीये. मी गावाला दिवा मागून आणला, ओरडून आणला, आणि माझ्याच बांधावर लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर बातमी माझ्या आधी पोचली होती. "काकू, दिव्याखाली अंधार आसतो आसं ऐकल्यालं," एक जण म्हणाला, "दिव्याखाली पाला पयल्यांदाच बगितला." आजोबा म्हणाले, "कमान घेतली आसती तर हत्तीनं पाला तरी खाल्ला आसता." सगळी रांग हसली. मी किटली आपटली आणि थेट पंचायतीत गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काकू, अर्ज द्या, मी तो दिवा तात्पुरता बंद ठेवते. दसऱ्यानंतर चालू करू." इतक्या सरळ म्हणाल्या की मला भांडायला जागाच राहिली नाही.

घरी येताना दिवस मावळला. फाट्यावर एसटी लागलेली. मी वळणावर खांबाला टेकून उभी राहिले, दसरा माझ्या डोळ्यांपुढं पिवळा पिवळा होत होता. तेवढ्यात भावजींची लेक येताना दिसली. मी या मुलीला लहानपणापासून त्या वळणावर पळतानाच बघितलंय. दप्तर पोटाशी धरून, मागं न बघता. त्या दिवशी ती चालत येत होती. रमत. मैत्रिणीशी फोनवर बोलत, मध्येच हसत, एका ठिकाणी थांबून तिनं चपलेतला खडासुद्धा काढला. त्या उसाच्या मध्ये उभं राहून!

माझ्यापाशी आली, फोन ठेवला. सायन्सची मुलगी ती. हिरव्या सरींकडं बघितलं, वर दिव्याकडं बघितलं, तिला सगळं समजलं.

"काकू, मग बंद करून घ्या की दिवा," ती म्हणाली. "लई कष्टानं लावली तुमी. माझं काय, दिवाळीनंतर तसंबी…"

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"गप. बंद करायला रोवलाय का मी खांब? दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर. आन् तू आता पळत का न्हाई येत?"

"उजेड हाय की," ती म्हणाली.

आमच्या पलीकडं मक्याचं रान आहे. रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्याला चौफेर जुन्या साड्या बांधलेल्या असतात. आमच्या भागात सगळीकडंच बांधतात. तेवढ्यात वारा आला आणि त्या साड्या फडफडल्या. मी तिकडं बघितलं. मग दिव्याकडं बघितलं. मग त्या मुलीचा दंड इतक्या जोरात धरला की ती ओरडली.

साडी आडवी बांधली तर डुकराला अडवते. उभी सोडली, पदरापासून खालपर्यंत, तर चांगली दोन माणसांपेक्षा उंच होते. उंच बांबू रोवायचे, वर दोरी ताणायची आणि साड्या शेजारी शेजारी उभ्या सोडायच्या, दुहेरी. रस्त्याला उजेड राहील, शेवंतीला रात्र मिळेल.

घटस्थापनेच्या दिवशी मळ्यातल्या आणि गावातल्या बायका साड्या घेऊन आल्या. मला वाटलं होतं विटकी, फाटकी लुगडी येतील. आल्या त्या कडक इस्त्रीच्या, घडी न मोडलेल्या. मला क्षणभर भरून आलं. मग घड्या उलगडायला लागल्या आणि उलगडा झाला. सगळ्या आहेराच्या साड्या होत्या. आमच्याकडं आहेराची साडी नेसायची नसते, ती पुढच्या लग्नात पुढं सरकवायची असते. काही साड्या अशा वर्षानुवर्षं गावभर फिरतात. एक जांभळी साडी उलगडली, तर दोघी एकदम म्हणाल्या, "आगं, ही तर मी दिल्याली!" मी एकीला तिच्या लग्नात दिलेली साडी तिनं दुसरीला दिली होती, आणि त्या दुसरीनं ती मलाच आणून दिली होती. हसून हसून बायका बांधावर बसल्या. नेसायला नको, द्यायला लाज वाटते आणि टाकवत नाही, अशा सगळ्या साड्यांना त्या दिवशी काम मिळालं. मीही माझ्या नणंदेनं दिलेली शेवाळी साडी ट्रंकेतून काढली. तो रंग तिनं कुठून शोधला होता देव जाणे.

बांबू कुणी आणले हे सांगायचं राहिलं. भावजींनी. सकाळीच ट्रॉली लावली, खाली उतरून खड्डे घ्यायला लागले. मी चहा दिला, आणि साखर किती ते विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. वायरमननं शिडी लावून दिव्याचं तोंडही रस्त्याकडं जरा वळवलं.

त्या नवरात्रात आमचं वळण बघायला माणसं येत होती. रोज ज्या रंगाच्या साड्या बायका नेसून यायच्या, तो रंग भिंतीवर शोधायचा खेळच झाला. एसटीवाला फाट्यावर गाडी उभी करून ड्रायव्हरच्या खिडकीतून बघायचा. आतल्या सरी दसऱ्याला फुलल्या. बाजारात पोती भरून गेली, भाव बरा मिळाला, नवरा म्हणाला, "ऊस बी काय वाईट न्हाई, पन फुलं दिसत्यात बरी." त्याच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळच. रस्त्याकडच्या सरी मात्र तशाच हिरव्या. त्यांना नुकती कुठं रात्र दिसायला लागली होती.

दिवाळीला नणंद आली. मी तिला फाट्यावरून दुसऱ्या वाटेनं आणायचा बेत केला होता, पण ती एक गाडी आधी आली आणि चालत निघाली. वळणावर मी गाठलं तेव्हा ती शेवाळी साडीपुढं उभी होती.

"वयनी, ही मी दिल्याली न्हाई का?"

"व्हय," मी म्हणाले. "सगळ्यात पुढं लावलीय. मानाची म्हनून."

तिनं साडीचा काठ चिमटीत धरून बघितला. मग म्हणाली, "मलाबी ती नंदेनंच दिल्याली." आणि आम्ही दोघी त्या रस्त्यावर, उजेडात, पिशव्या खाली ठेवून हसलो.

दिवाळी झाली. ऊस डोक्याच्या वर गेला होता. भाऊबीज आटपली, सुट्ट्या संपत आल्या, आणि मला शेजारच्या घराकडं बघवेना. भावजींना विचारायचं धाडस माझ्यासारखीला होईना, म्हणजे काय ते समजा. कॉलेज सुरू व्हायचं त्या सकाळी मी उगाचच बांधावर गवत काढत बसले. गवत नव्हतंच तिथं. भावजी किटली धूत होते. लेक घरातून बाहेर आली. पाठीला दप्तर होतं.

भावजींनी मान वर केली नाही. म्हणाले, "सात वाजूपातुर येशील ना?"

"येईन की आप्पा."

"धारा सोडून मी काय येनार न्हाई. दिवा हाय."

ती माझ्यापुढून गेली तेव्हा तिनं माझ्याकडं बघून नुसते डोळे मोठे केले. मी गवत नसलेल्या जागी आणखी जरा वेळ गवत काढलं.

रस्त्याकडच्या सरी फुलल्या त्या मार्गशीर्षात. सगळ्या गावाची शेवंती संपली होती, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी घराघरांत लक्ष्मी मांडलेली, फूल मिळेना. माझ्याकडं होतं. उशिरा आलं, पण असं पिवळं आलं की साड्यांच्या मागून रस्त्यावरच्या माणसाला वास यायचा. ज्या ज्या बाईनं साडी दिली होती तिच्या घरी मी पहिल्या गुरुवारी ओंजळभर फुलं पोचवली. आहेराच्या साडीचा असा परत आहेर कुणाला मिळाला नसेल.

मग सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. पुन्हा घमेली, पुन्हा चिंचोके. सरपंचबाईंना या वेळी आधी चिंचोके टाकू द्या, मग बोला असं मॅडमनी सांगितलं होतं. कमानवाले तयारीनं आले होते, कारण शेजारच्या गावानं हत्तींना रंग दिला होता. मीही तयारीनं गेले होते. आमच्या मळ्याच्या पुढं कालव्यापलीकडं एक वस्ती आहे. आमचे दिवे वळणावर संपतात, तिथून वस्तीपर्यंत पूर्वीचाच अंधार. त्या वस्तीतल्या दोन मुली जूनपासून जुन्नरला जाणार होत्या. काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी गाईंना दोनदा ऐकवलं होतं.

मी उठणार तेवढ्यात भावजी उभे राहिले.

सगळी सभा वळून बघायला लागली. भावजींना बोलताना गावानं ऐकलंच नव्हतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"पुढच्या वस्तीपातुर दिवा पायजे," ते म्हणाले. "पोरी येनार हायेत."

कमानीकडून कुणीतरी विचारलं, "आन् खांब कुनाच्या बांधावर रोवायचा भाऊ? तिकडं तर सगळं तुमचंच रान हाय."

"माझ्या बांधावर रोवा."

"तिथं तुमी औंदा शेवंती लावनार हाय म्हनं. वयनींची बगून."

सभा हसली. भावजीही हसले, आणि हसतच खाली बघण्याऐवजी माझ्याकडं बघितलं.

"वयनींकडं साड्या हायेत," ते म्हणाले. "नसल्या तर माझी पोरगी गोळा करंल. तिला रस्ता म्हाईत झालाय."

मला बोलायचं होतं. सगळं पाठ होतं. पण घशातून आवाजच येईना, तळेघरचा असूनसुद्धा. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं घाबरून माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "बरं वाटतंय ना तुला?" मी मान हलवली, उठले, आणि माझे चिंचोके दिव्याच्या घमेल्यात टाकले. भावजींचे माझ्या आधीच पडलेले होते.